गुलाब कॅलेंडर बघत नाही: माझ्या ॲपमधली २ अंशांची चूक

१४ फेब्रुवारीला तुम्ही चौकातल्या फुलवाल्याकडून जो लाल गुलाब घेता, त्याची तयारी डिसेंबरमध्येच सुरू झालेली असते. मला हे नीट कळलं ते मामांचं नुकसान झाल्यावर.

मामांचं मावळात, तळेगावजवळ छोटं पॉलिहाऊस आहे. हा पट्टा गुलाबासाठी प्रसिद्ध आहे, व्हॅलेंटाइन डेसाठी इथून परदेशातही फुलं जातात. मामांचा माल मात्र पुण्यातल्या फुलवाल्यांकडे जातो. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना हौसेने एक ॲप बनवून दिलं. लॉजिक सोपं होतं: छाटणीनंतर ४७ दिवसांनी फूल येतं, १० फेब्रुवारीपासून माल हवा, म्हणजे छाटणी २५ डिसेंबरला.

मामा म्हणाले होते, "यंदा गारठा जास्त आहे रे, आठवडाभर आधी छाटू का?" मी म्हणालो, "मामा, ॲप सांगतंय तसंच करा."

बहुतेक फुलं १७ फेब्रुवारीला आली. तोवर भाव कोसळला होता.

नेमकं चुकलं काय?

मी दिवस मोजले. झाड उष्णता मोजतं.

मोबाइलचं चार्जिंग आठवा. फोन फुल व्हायला किती वेळ लागेल, हे चार्जर किती वॅटचा आहे त्यावर ठरतं. झाडाचंही तसंच. ठरावीक तापमानाच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. गुलाबासाठी ही पातळी साधारण ५ अंश सेल्सिअस धरतात. दिवसाच्या सरासरी तापमानातून हे ५ वजा केले की त्या दिवसाचे 'उष्णता-एकक' मिळतात.

समजा, छाटणीपासून फुलापर्यंत ७०० एकक लागतात (जातीप्रमाणे हा आकडा बदलतो):

- सरासरी २० अंश: रोज १५ एकक, म्हणजे ४७ दिवस
- सरासरी १८ अंश: रोज १३ एकक, म्हणजे ५४ दिवस

फरक फक्त २ अंशांचा, पण उशीर अख्ख्या आठवड्याचा! मामांना जे अंगावरच्या गारठ्यावरून कळलं, ते माझ्या कोडमध्ये नव्हतंच.

उशीर झाला तर काय करता येतं?

फारसं काही नाही. फूल लवकर आलं तर २ ते ४ अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काही दिवस ठेवता येतं. उशिरा येणाऱ्या कळीला मात्र घाई करता येत नाही. म्हणून चूक व्हायचीच असेल तर ती लवकरच्या बाजूला झालेली बरी.

सूर्य मावळण्याआधी बाजूचे पडदे खाली सोडले तर आतली ऊब थोडी टिकते. पण पडदे बंद ठेवले की आत दमटपणा वाढतो आणि बुरशीजन्य रोग येतात. म्हणून सकाळी पडदे उघडून हवा खेळती ठेवावी लागते. नुसता तापमानाचा सेन्सर लावून भागत नाही, आर्द्रताही मोजावी लागते.

हे तुम्हीही करू शकता

घरी फुलशेती असेल तर महागडं ॲप लागत नाही. पॉलिहाऊसच्या आत, झाडाच्या उंचीवर आणि सावलीत किमान-कमाल तापमापी लावा. रोजचे दोन आकडे फोनवर गुगल शीटमध्ये टाका. दोन्हींची बेरीज भागिले २, वजा ५. हे रोज जमा करत जा. फोनमधलं हवामान ॲप वापरू नका, ते तुमच्या पॉलिहाऊसच्या आतलं तापमान सांगत नाही. एक-दोन हंगामांत तुमच्या जातीचा खरा आकडा हाती येईल.

माझं ॲप आता रोज नव्याने हिशोब करतं. या हंगामात त्याने २० डिसेंबर सांगितलं. मामांनी १८ लाच छाटणी उरकली. या वेळी मी काही बोललो नाही.