जलविमानाचा धंदा

कोयना, उजनी, जायकवाडी यांसारख्या धरणांचा विस्तीर्ण जलाशय पाहिला, की एखाद्या हौशी तरुणाच्या मनात येते, इथे पाण्यावर उतरणारे विमान आणून पर्यटकांना वरून देखावा दाखवला तर? धावपट्टी बांधायला नको, पाणी आयतेच आहे! कल्पना चांगली आहे. पण पाणी आयते मिळाले म्हणून धंदा आयता होत नाही.

जलविमान म्हणजे तरी काय? लहान विमानाला चाकांच्या जागी होडीच्या आकाराच्या दोन लांब, पोकळ पेट्या जोडतात. त्यांवर ते तरंगते. पाण्यावर त्याला ब्रेक नाही. इंजिन चालू झाले, की ते पुढे सरकलेच. पाणी आरशासारखे निश्चल असले, तर उतरताना वैमानिकाला उंचीचा अंदाज येत नाही. लाटा मोठ्या असल्या, तर पेट्यांना मार बसतो. उड्डाणेही बहुधा दिवसाउजेडी आणि स्वच्छ हवेतच. आता आपला पावसाळा यातून वजा करा. कमाईचे दिवस मोजके, पण वैमानिकाचा पगार आणि विम्याचा हप्ता बारमाही! शिवाय पेट्यांत झिरपलेले पाणी रोज उपसावे लागते, आणि समुद्रावर विमान चालवले तर खार धुऊन काढावा लागतो, नाहीतर गंज चढतो.

म्हणून या धंद्यात वैमानिकाइतकेच मिस्त्रीलाही महत्त्व आहे. अमेरिकेत सिएटल शहराजवळ, वॉशिंग्टन सरोवराच्या काठी, 1946 साली तिघा मित्रांनी ‘केनमोर एअर’ ही कंपनी काढली. त्यांच्यापैकी बॉब मन्रो हे स्वतः विमानाचे मिस्त्री. दुरुस्तीचे काम घरचेच असल्याने कंपनीने मूळ धरले. कॅनडातल्या ‘हार्बर एअर’ने 1982 साली दोन लहान ‘बीव्हर’ विमानांवर सुरुवात केली, ती जंगलकामाच्या वाहतुकीसाठी. देखाव्याच्या सफरी मागून आल्या.

आता आपल्याकडचे पाहू. 31 ऑक्टोबर 2020 रोजी गुजरातेत साबरमती ते केवडिया अशी जलविमानसेवा मोठ्या थाटात सुरू झाली. विमान एकच. महिन्याभरातच ते देखभालीसाठी मालदीवला न्यावे लागले, आणि 2021 च्या एप्रिलात सेवा थांबली. त्याआधी 2013 साली केरळात अष्टमुडी सरोवरावर अशाच सेवेचे उद्घाटन झाले होते. पण मच्छीमारांनी विरोध केला. आमची जाळी, आमच्या होड्या, आमची मासळी यांचे काय, असा त्यांचा सवाल होता. सेवा काही चालू शकली नाही.

यातून बोध एवढाच, की विमान पाण्यावर उतरत असले, तरी धंदा उभा असतो तो काठावर. तिथे मिस्त्री हवा, इंधन हवे, धक्का हवा. आणि त्याच पाण्यावर पोट भरणाऱ्या माणसांची संमती हवी.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने जलविमानांचे नियम सुलभ केले आहेत. तेव्हा उद्या कोणी आपल्याही गावच्या जलाशयावर अशी योजना घेऊन येईल. आल्यास त्याला हसून परत पाठवू नका, आणि हुरळूनही जाऊ नका. ग्रामसभेत त्याला तीन प्रश्न विचारा: विमान बिघडले तर दुरुस्त कुठे होणार? पावसाळ्यात खर्च कशातून भागवणार? आणि विमान उतरेल त्या वेळी आमच्या होड्या कुठे असायच्या? गुरुजींनी हे प्रश्न मुलांनाही घालावेत. भूगोल आणि गणित, दोन्हींचा धडा त्यांना एकदमच मिळेल.