सुईची चपराक

सुई म्हणजे मुकाट्याने काम करणारी बाई, अशी माझी उभ्या जन्माची समजूत. फाटले असेल तेथे टाका घालावा आणि काम झाले की डब्यात जाऊन पडावे. ती बोलू लागली तर काय बोलेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाही नव्हता. परवा दहा वर्षांच्या नातीशेजारी बसून तिची आवडती कार्टून-मालिका पाहिली आणि त्या समजुतीला चांगलेच भोक पडले!

मालिकेचे नाव 'बॅटल फॉर ड्रीम आयलंड'. केरी आणि मायकेल हुआंग या अमेरिकेतल्या जुळ्या भावांनी ती १ जानेवारी २०१० रोजी यूट्यूबवर सुरू केली, तेव्हा त्यांचे वय होते अवघे बारा! ह्या वयात आपण वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढतो. ह्या पोरांनी ती चालती-बोलती केली. वीस स्पर्धक. त्यांत पेन, पेन्सिल, खोडरबर, आगकाडी, टाचणी अशी घरातलीच मंडळी. बक्षीस म्हणून एक अख्खे बेट. पहिल्याच भागात सगळ्यांना पाण्यावरच्या तुळईवर उभे केले; तोल गेला की डुबकी! पुढे हरलेल्या गटातून कोणाची गच्छंती करायची, ते प्रेक्षकांनी मते लिहून कळवायचे. वाचतील त्यांना केक.

ह्यातच आमच्या सुईबाई. नाव नीडल. तशी गुणाची, पण कोणी लाडाने 'नीडी' म्हटले, की संपले! कोठून तरी विजेसारखी येते आणि फाडकन मुस्कटात ठेवून देते. वर बजावते, "मला नीडी म्हणू नका!" इंग्रजीत 'नीडी' म्हणजे सदा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणारी. कॉइनी नावाच्या नाण्याने तर हा प्रसाद चांगलाच चाखला आहे.

मी पोट धरून हसले. म्हटले, "अगं, एवढ्याशा नावावरून एवढा राग?"

नात हसली नाही. पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आजी, तू पाहुण्यांसमोर मला 'रडूबाई' म्हणतेस ना, तेव्हा मलाही तस्संच वाटतं. मी फक्त मारत नाही."

वाचकहो, ती चपराक मला बसली!

नवी सून म्हणून ह्या घरात आले तेव्हा मी कमी बोलत असे. सासरच्या माणसांनी नाव ठेवले 'मुकी'. थट्टाच ती! मीही सगळ्यांबरोबर हसत राहिले. पण पुढे कितीतरी वर्षे चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले, की ते नाव आधी आठवे. नको म्हणायचे धैर्य झाले नाही. आणि तीच मी नातीला नाव ठेवून मोकळी!

२०१२ साली ते बेट फायरी नावाच्या ज्वाळेने जिंकले. सुईच्या वाट्याला आले नाही. हात उगारणे चांगले, असेही मी म्हणणार नाही. पण नको असलेले नाव नको म्हणून सांगणे, हे त्या बोटभर सुईला जमले.

काल फराळाच्या वेळी सवयीने तोंडून गेलेच, "ये गं, रडू—"

नातीने हळूच पंजा वर केला. मी शब्द चकलीबरोबर गिळला आणि तिला तिच्या नावाने हाक मारली.

ती धावत आली.