पोटातील पू आणि औषधाची मुदत

मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतूंची वस्ती असते आणि तिचा फार मोठा भाग प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंचा असतो, ही गोष्ट निरोगी मनुष्याच्या ध्यानीमनीही नसते. परंतु आंत्रपुच्छ, म्हणजे आपले नेहमीचे अपेंडिक्स, फुटले, अथवा आतड्याला छिद्र पडले, की हेच निरुपद्रवी रहिवासी उदरपोकळीच्या निर्जंतुक मुलखात शिरून प्राणावर उठतात.

या उपद्रवात कोणाचा हात किती, याचा तपास गेल्या शतकाच्या आठव्या दशकात बार्टलेट, गोरबाख प्रभृती अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर ज्या रीतीने केला, ती मोठी नामी म्हटली पाहिजे. आतड्यातील मळ जिलेटिनच्या कुपीत भरून त्यांनी ती उंदरांच्या पोटात ठेवली. औषधावाचून सुमारे ३७ टक्के उंदीर आरंभीच दगावले, आणि जे तगले त्या सर्वांच्या पोटात पुढे गळवे झाली. ई. कोलायसारख्या आतड्यातील जंतूंवर चालणारे जेंटामायसिन दिले तेव्हा मृत्यू ४ टक्क्यांवर आले, पण वाचलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना गळवे झालीच. प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंवर चालणाऱ्या क्लिंडामायसिनने गळवे ५ टक्क्यांवर आणली, पण मृत्यू ३५ टक्क्यांवरच राहिले. दोन्ही औषधे एकत्र देताच दोन्ही आकडे दहाच्या आत आले. आरंभीच्या मृत्यूला ई. कोलाय जबाबदार आणि मागाहूनच्या गळवांना बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिससारखे प्राणवायुद्वेष्टे जंतू, असा त्याचा अर्थ. आज ई. कोलायवरील सेफ्ट्रिॲक्सोनच्या जोडीला प्राणवायुद्वेष्ट्यांवरील मेट्रोनिडाझोल देतात, ते याच कारणाने.

तथापि औषधाचा अंमल रक्त पोहोचते तेथवरच चालतो. गळवाच्या पोटात रक्तवाहिन्या नसतात, तेथील पू आम्लधर्मी व प्राणवायुहीन असतो, आणि जेंटामायसिनला तर जंतूच्या देहात शिरण्यासाठीच प्राणवायू लागतो. म्हणून पुवाचा निचरा आणि छिद्राचा बंदोबस्त, हे काम शस्त्रवैद्याकडेच राहते.

ते काम नीट झाल्यावर औषध किती दिवस चालू ठेवावे? ताप उतरून आतडी चालू होईपर्यंत देत राहावे, असा जुना शिरस्ता. २०१५ साली अमेरिका व कॅनडातील ५१८ रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला, त्याने हा शिरस्ता मोडीत काढला. एका गटास सुमारे ४ दिवस, दुसऱ्यास जुन्या रीतीने साधारण ८ दिवस औषध मिळाले. जखमेत पू होणे, पोटातील संसर्ग उलटणे अथवा मृत्यू येणे, यांचे एकत्रित प्रमाण दोहोंकडे सुमारे २२ टक्केच भरले. मात्र या चाचणीतील प्रत्येक रुग्णाच्या संसर्गाचे मूळ आधी दूर केलेले होते. ज्याचे गळू अद्याप पोटातच आहे, त्याला ही चार दिवसांची मुदत लागू नाही.