जोर वाचतो, काम वाचत नाही

‘यंत्रामुळे काम कमी होते’ हे वाक्य साध्या यंत्रांच्या धड्यात हमखास ऐकू येते, आणि मुलांच्या पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ याच वाक्यात असते. पहारीने धोंडा उचकटायचा आहे असे समजा. टेकू भारापासून 20 सेंटिमीटरवर आणि हात टेकूपासून एक मीटरवर असेल, तर घर्षण आणि पहारीचे स्वतःचे वजन सोडून दिल्यास 60 किलोचा भार पेलायला 12 किलोइतका जोर पुरतो. मात्र भार 5 सेंटिमीटर वर यायचा तर हात 25 सेंटिमीटर खाली न्यावा लागतो. जोर एक पंचमांश, अंतर पाचपट. दोन्हींचा गुणाकार, म्हणजेच काम, जिथल्या तिथे. तरफ फुकट काही देत नाही, ती सौदा करते. हा सौदा पाच-सहा वर्षांच्या मुलालाही हाताने अनुभवता येतो. ‘काम कमी होते’ असे एकदा शिकवून ठेवले, की पुढे माध्यमिक शाळेत ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकताना ते आधी पुसावे लागते.

याच वाक्यातून दुसरा गैरसमज निघतो : प्रत्येक साध्या यंत्राने जोर वाचतोच. अडकित्त्यात तो वाचतो, कारण सुपारी बिजागरीजवळ असते आणि हात लांब टोकाला. चिमट्यात नेमके उलटे घडते. त्याचा टेकू मागच्या जोडाशी, बोटे मध्ये आणि पोळी पुढच्या टोकाला, त्यामुळे पोळीवर पडणारा दाब बोटांच्या दाबापेक्षा कमीच असतो. मग चिमटा वापरायचाच कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल, आणि तो विचारलाच पाहिजे. बोटे जराशी हलली की टोके जास्त हलतात आणि हात आचेपासून दूर राहतो, हा इथला फायदा. विहिरीवरच्या एकाच स्थिर कप्पीनेही बादली हलकी होत नाही. घर्षणामुळे जोर किंचित जास्तच लागतो. सोपे वाटते ते दोर खाली ओढताना शरीराचे वजन कामी येते म्हणून. तेव्हा ‘यंत्राने किती जोर वाचला’ एवढेच न विचारता ‘काय मिळाले आणि त्याच्या बदल्यात काय द्यावे लागले’ असे विचारायला हवे.

तिसरा गैरसमज शिकवण्याच्या पद्धतीबद्दलचा आहे. काहींच्या मते तरफेची व्याख्या आणि तीन प्रकार पाठ झाले की विषय समजला. काहींच्या मते मुलांना नुसते खेळू द्यावे, सी-सॉवरून उतरेपर्यंत तरफ आपोआप कळते. दोन्ही मते अपुरी आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दांडीवरचा तोल मुले कसा ओळखतात हे तपासले. पाच वर्षांची मुले बहुतेक वेळा फक्त वजन पाहत. टेकूपासूनचे अंतर त्यांच्या हिशेबातच नसे. दांडी प्रत्यक्षात कुठे कलते हे पाहिल्यावर आठ वर्षांची मुले शिकली, पाच वर्षांची नाही. पण अंतराकडे मुद्दाम लक्ष वेधून ते मोजायला शिकवल्यावर लहान मुलांनाही त्याच अनुभवाचा उपयोग झाला. म्हणजे अनुभव हवाच, पण काय पाहायचे ते कुणीतरी दाखवावे लागते.

वय वाढेल तसे उत्तर सरळ सुधारत जाते, हेही खरे नाही. जिनिव्हात अॅनेट कार्मिलॉफ-स्मिथ आणि बार्बेल इनहेल्डर यांनी 1970च्या दशकात मुलांना ठोकळे तोलायला दिले. काही ठोकळ्यांचे एक टोक आतून जड केलेले होते. चार-पाच वर्षांची मुले चाचपडत तेही तोलून दाखवत. त्याहून थोडी मोठी मुले मात्र ‘तोल मध्यावरच असतो’ या ठाम समजुतीने ठोकळा पुन्हा पुन्हा मध्यावर ठेवत आणि ‘हा तोलतच नाही’ म्हणून बाजूला सारत. अशी चूक म्हणजे मूल मागे पडल्याची खूण नव्हे. त्याने स्वतःचा नियम तयार केल्याची ती खूण आहे. तिथे उत्तर सांगून टाकण्यापेक्षा तो नियम मोडणारा ठोकळा हाती देणे अधिक कामाचे.

‘परीक्षेत प्रकारच विचारतात’ आणि ‘एवढ्या लहान वयात गणित नको’ असे दोन आक्षेप घेतले जातात. प्रकार म्हणजे टेकू, भार आणि जोर यांपैकी मध्ये कोण, एवढेच. सौदा कळलेल्या मुलाला ते पुढे चटकन जमते. आणि गणिताआधी अंदाज पुरतो. 30 सेंटिमीटरची पट्टी 15च्या खुणेशी पेन्सिलीवर तोला; पेन्सिल षटकोनी घ्या, म्हणजे घरंगळणार नाही. एका बाजूला 5च्या खुणेवर एक नाणे ठेवा. दुसऱ्या बाजूला तशीच दोन नाणी एकावर एक कुठे ठेवली तर तोल साधेल, हे मुलाने आधी बोलून दाखवावे, मग ठेवून पाहावे. 20च्या आसपास पट्टी स्थिरावली की अंतरही मोजावे लागते हे त्याला दिसते. त्यानंतर पट्टी झुकवून कोणत्या बाजूचे नाणे जास्त हलले ते विचारा. जिथे वजन दुप्पट, तिथल्या नाण्यांची हालचाल निम्मी असते; व्याख्या याच्या नंतर आली तरी उशीर होत नाही.