तांबडे, थंड आणि लहरी!

तांबूस, थंड, प्रकाश कमी-जास्त करणारे रूपविकारी तारे पाहायला लांब जावं लागत नाही. कसारा लोकलने टिटवाळ्यात उतरा, दिवे मागे टाका आणि मान वर करा.

लाल म्हणजे थंड! नळावरची लाल खूण गरम पाण्याची. ताऱ्यांचा हिशेब नेमका उलटा. पिवळसर सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्विन, मृगातली तांबूस काक्षी 3,600च्या आसपास, तर तिमिंगल तारकासमूहातला मायरा जेमतेम 3,000.

कोकणातला धातू ताऱ्यात. एवढ्या ‘गारव्यात’ टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू टिकतात आणि ताऱ्याच्या वर्णपटात, म्हणजे त्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, रुंद काळे पट्टे उमटवतात. पट्टे जितके गडद, तितका तारा साधारणपणे थंड. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटमध्येही हेच टायटॅनियम सापडतं.

दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो. 1596 मध्ये खगोल निरीक्षक डेव्हिड फॅब्रिशियसने मायरा पाहिला आणि काही आठवड्यांत तो नजरेआड झाला. साधारण 332 दिवसांत त्याचं एक चक्र पुरं होतं. डोळ्यांना दिसणारा प्रकाश शेकडो पटींनी बदलतो, पण एकूण ऊर्जा त्या मानाने फारच थोडी बदलते. तारा थंडावला की रेणू वाढतात आणि दृश्य प्रकाश अडवतात. बरीचशी ऊर्जा अवरक्त किरणांतून निघून जाते.

काक्षीला काय झालं होतं? 2020च्या फेब्रुवारीत काक्षी इतकी मंदावली की आता स्फोट होणार, अशी चर्चा रंगली. खगोलशास्त्रज्ञ एमिली लेव्हेक आणि फिलिप मॅसी यांनी वर्णपटातले पट्टे मोजले: तापमान 3,600 केल्विन; 2004 मध्ये ते 3,650 होतं. एवढ्याशा घसरणीने तेज इतकं उतरत नाही. संशय गेला धुळीवर, काक्षीनेच बाहेर फेकलेल्या वायूतून तयार झालेल्या.

ताजा माल! 1952 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिलला काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियम सापडलं. हे किरणोत्सारी मूलद्रव्य ताऱ्याच्या वयाच्या मानाने फार लवकर संपतं. म्हणजे ते तिथेच, अलीकडेच घडलं होतं. तारे मूलद्रव्यं घडवतात, याचा हा थेट पुरावा!

पुण्याची परंपरा. वर्णपटाचं वेड आपल्याकडे जुनं आहे. वर्णपटांच्या अभ्यासासाठी प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी 1888 मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली 20 इंची दुर्बीण पुढे कोडाईकनालला गेली.

लंडनपेक्षा टिटवाळा भारी. वृश्चिकातली ज्येष्ठाही तांबडी आणि रूपविकारी. लंडनहून ती क्षितिजावर फार तर 12 अंश चढते. टिटवाळ्यातून थेट 44 अंश. वटपौर्णिमेचा चंद्र तिच्याच आसपास असतो, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. एप्रिल-मेमध्ये रात्री उशिरा दक्षिणेकडे पाहा.

आता तुमची पाळी. जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी काक्षीची तुलना वृषभातल्या रोहिणीशी करा. एरवी काक्षी उजळ असते. दोघी सारख्या वाटल्या, तर ती मंदावली आहे असं समजा. तारीख आणि वेळ वहीत टिपा. अमेरिकेत 1911 पासून रूपविकारी ताऱ्यांची एक संस्था हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदी गोळा करते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. तुमच्या गच्चीवरची नोंदही तिथे चालेल!