नव्या गावातील न्हावी

बदलीमुळे अथवा शिक्षणाच्या निमित्ताने एखादे कुटुंब परगावी बिऱ्हाड थाटते, तेव्हा वाणी, गवळी व शिंपी यांचा शोध आठ-पंधरा दिवसांत पुरा होतो. न्हाव्याचा मात्र महिनोन् महिने लागत नाही. वाण्याची डाळ किडकी निघाली तर परत करता येते. कापलेले केस कोण परत लावणार? गोव्याहून बेळगावास आलेली काही मंडळी सुट्टीत गावी जाईपर्यंत डोक्यावरील रान तसेच वाढू देतात, यात अतिशयोक्ती नाही.

आपल्या पणजोबांना हा शोध करावाच लागत नसे. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. आम्ही कोंकणीत त्यास ‘म्हालो’ म्हणतो. तो धोपटी घेऊन दारी येई, सुगीला धान्याच्या रूपाने आपले बलुते नेई, आणि घरातील कोणाच्या डोक्यावर भोवरा कोठे आहे हे त्यास तोंडपाठ असे. मात्र या व्यवस्थेचे कौतुक जपून करावे. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या केसांना गावचा न्हावी कात्री लावीत नसे; त्याने लावली असती तर गावाने त्यालाही वाळीत टाकले असते. अस्पृश्यतेवरून अशी सेवा नाकारणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरला. १९७६ पासून तो ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ या नावाने ओळखला जातो. तरीही अशा नकाराच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतातच. म्हणून नव्या गावी आल्यावर शेजाऱ्यांना प्रथम हेच विचारावे, की त्या दुकानातील खुर्चीवर कोणासही बसता येते ना? ज्या दुकानाचे उत्तर ‘नाही’ असे असेल, तेथील कात्री कितीही कुशल असो, आपण त्याची पायरी चढू नये.

दुसरी पारख पात्याची. दाढी करताना अथवा मानेवरील केस साफ करताना सूक्ष्म जखमा होतात व रक्ताचा अंश पात्यास लागतो. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान ७ दिवस तग धरू शकतो. तेव्हा पाते नुसते पुसून किंवा पाण्यात बुडवून भागत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत बसविले पाहिजे. तुरटीचा एकच खडा दहा जणांच्या गालांवरून फिरत असेल, तर ‘मला नको’ म्हणावे. फणी व यंत्र अस्वच्छ असेल तर त्यांतून नायटा पसरतो. चांगला कारागीर अशा चौकशीने रागावत नाही, आणि रागावला तरी आपली पारख आयतीच झाली! केस झाल्यावर मान झटक्याने वळवून ‘कडकन’ मोडण्याची हौस काहींना असते. तीस स्पष्ट नकार द्यावा. त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका असतो. मुलींनी व त्यांच्या मातांनी कलप लावण्यापूर्वी तो कानामागे थोडासा लावून ४८ तास वाट पाहावी, म्हणजे अंगावर उठतो की काय ते कळते.

आता प्रत्यक्ष केसांविषयी. पहिल्या खेपेस रविवारची गर्दी टाळून एखाद्या निवांत दिवशी जावे. ‘थोडे बारीक करा’ या शब्दांना काही अर्थ नाही; तुमचे थोडे व त्याचे थोडे यांत दोन बोटांचे अंतर असू शकते. तेव्हा किती ठेवावयाचे ते बोटांनी दाखवावे. यंत्राने कापावयाचे असल्यास क्रमांक सांगावा: बहुतेक यंत्रांत १ म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात व वाळल्यावर आखडतात, हे ध्यानी ठेवून कमीच कापावयास सांगावे. भोवऱ्यापाशी केस फार आखूड झाले तर ते उभे राहतात, आणि शाळेत त्यावरून काय ऐकावे लागते हे मुलांना सांगावयास नको. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे बिघडलेले डोके सावरावयास महिना-दोन महिने लागणारच. तेवढ्यावरून लगेच दुकान बदलू नये. दुसऱ्या खेपेस काय चुकले ते नीट सांगावे. तिसऱ्या खेपेस त्याने न सांगता भोवऱ्याभोवतीचे केस किंचित लांब ठेवले, तर न्हावी मिळाला असे समजावे.