जातीचा गुणांक कुठे गेला?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत अलीकडे एक वाक्य वारंवार भेटते: 'जात हा घटक प्रभावी आढळला नाही.' खाली संगणकाने काढलेले कोष्टक असते, त्यामुळे त्या वाक्याला कुणी हात लावत नाही. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. छापील आकड्यापुढे गप्प बसण्याची सवय मला आतून ठाऊक आहे. म्हणून हे कोष्टक बोलते कसे, ते सांगावेसे वाटते.

या पद्धतीला रिग्रेशन म्हणतात; परिभाषेत समाश्रयण. एका गोष्टीतला फरक इतर गोष्टींतल्या फरकांशी किती बांधलेला आहे, हे ती मोजते, आणि एकीचा परिणाम पाहताना बाकीच्या समान धरते. (आईबाप आणि मुले यांच्या उंचीवरच्या 1886 च्या निबंधात हा शब्द फ्रान्सिस गाल्टनने वापरला. माणसाची लायकी रक्तातून उतरते असे मानणारा हा गृहस्थ! पण हत्यार कुणी घडवले यावरून ते कुणाच्या हाती चालावे हे ठरत नाही.)

सारी मेख 'समान धरून' या दोन शब्दांत आहे. आपला बुलढाणा जिल्हाच घ्या. पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-शेगावच्या बाजूला, भूजल खारट. घाटावर चिखली-मेहकरकडे तसे नाही. एका जातीची घरे खारपाणातली आणि दुसरीची घाटावरची निवडली, तर पाण्यातला फरक जातीच्या नावावर जमा होईल. तेव्हा पाणी समान धरलेच पाहिजे.

जमिनीचे मात्र तसे नाही. समजा, एका गावातल्या कुटुंबांच्या मासिक खर्चाचे समीकरण मांडले. नुसती जात घातली, तेव्हा दलित कुटुंबाचा खर्च इतरांहून 2,000 रुपयांनी कमी निघाला. मग जमीन, विहीर आणि शिक्षण घातले. फरक 400 वर आला. विद्यार्थी लिहितो, जात संपली. मधले 1,600 गेले कुठे? ते जमीन, विहीर आणि शिक्षण या रकान्यांत जाऊन बसले. दादासाहेब गायकवाडांना 1959 साली भूमिहीनांचा सत्याग्रह का करावा लागला, हे ज्याला माहीत आहे, त्याला जमिनीचा रकाना जातीपासून वेगळा कसा दिसेल? शिवाय गायरानावर पिढीभर वाहितीत असलेल्या, पण सातबारा नावावर नसलेल्या जमिनीला प्रश्नावलीत 'आहे' म्हणायचे की 'नाही', हेही आधी ठरवावे लागते. आणि उरलेले 400? साठ घरांच्या पाहणीत एवढा फरक योगायोगापासून वेगळा ओळखता आला नाही, इतकाच 'प्रभावी नाही'चा अर्थ. फरक नाही, असा नव्हे.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 'समान धरणे' कागदावर न ठेवता प्रत्यक्षात आणले. 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेल्या त्यांच्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज गेले. जात सुचवणारी नावे तेवढी वेगळी. 66 आठवडे, 548 जाहिराती, 4,808 अर्ज. बोलावणे येण्या-न येण्याचे प्रमाण, ज्याला ऑड्स म्हणतात, दलित नावासाठी सवर्ण हिंदू नावाच्या 0.67 पट भरले. इथे शिक्षणाची सबब उरली नव्हती. आणि ही तूट फक्त अर्ज करण्याइतके शिकलेल्यांची. शाळेतूनच गळालेले त्यात धरलेले नाहीत.

म्हणून माझ्याकडे प्रबंधिका आली, की मी दोन्ही समीकरणे मागतो: आधी नुसत्या जातीचे, मग बाकी सारे घातलेले. दोन्ही एकाच पानावर छापल्याशिवाय सही करत नाही.